धरलं तुमचंच खरं, मग?

गजभियांच्या घरात रिकाम्या पोटी भांडायची पद्धत नाही. आधी जेवण, मग भांडण, आणि ते फारच लांबलं तर चहा, हा घरातले थोरले दादाराव यांनी घालून दिलेला शिरस्ता. चौदा एप्रिलला सकाळी संसद मार्गावर बाबासाहेबांना अभिवादन करून सगळी मंडळी त्यांच्या मुलीच्या, समताच्या, लक्ष्मीबाई नगरातल्या क्वार्टरवर आली. उन्हानं सगळ्यांचे चेहरे तांबडे झाले होते. दादारावांच्या बायकोनं, कमलाबाईंनी, गोळाभात केला होता, सून उत्तरानं खीर. वाट्या रिकाम्या होईपर्यंत मुलाच्या, अतुलच्या, अपिलाचा विषय कुणी काढला नाही, आणि मनात मात्र कुणाच्याही दुसरं काही नव्हतं.

"ताई, एक फोन," अतुल म्हणाला. "तुझ्या ऑफिसातल्या हरीश सक्सेनांना. निकाल माझ्या बाजूनं द्या असं म्हणायचंच नाहीये. फक्त अपील दाखल करून घ्या, पुढची तारीख द्या. बस."

"नाही," समता म्हणाली.

"ऐकून तर घे यार."

"ऐकलं. नाही."

अतुलनं बायकोकडे बघितलं. उत्तरा ताटं गोळा करत होती आणि करतच राहिली. पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवणारी ही सून एरवी वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलते, पण आज सकाळपासून ती गप्प होती. अतुलला त्या गप्पपणाची जास्त धास्ती वाटत होती.

त्याचं दुखणं साधं होतं. द्वारकेतला त्याचा पोहण्याचा तलाव म्हणजे त्याचं सगळं आयुष्य. चांगली कंपनीतली नोकरी सोडून त्यानं तो उभा केला होता. यंदा लायसन्सचं नूतनीकरण सरकारनं नाकारलं. त्यावर त्यानं अपील केलं आणि परवा त्याची पहिली तारीख होती. त्या तारखेला अपील सुनावणीसाठी दाखल करून घेतलं, की नकाराला स्थगिती मिळते आणि तलाव चालू राहतो. मग निकाल दिवाळीला लागो नाहीतर पुढच्या दिवाळीला, उन्हाळा तर पदरात पडतो. आणि तलावाच्या धंद्यात उन्हाळा सोडला तर उरतं काय? शेवाळ.

वकिलानं त्याला हेच समजावलं होतं. "केस में दम नहीं है, पर टाइम तो मिल जाएगा." फक्त ही अपिलं ऐकणाऱ्या प्राधिकरणात हल्ली एक अडचण होती. ती अडचण त्याची सख्खी बहीण होती.

समतानं तिथे काय केलं होतं ते सांगायलाच हवं, कारण या घराण्यात एवढं मोठं काम दुसऱ्या कुणी केलेलं नाही. ज्याचं लायसन्स सरकारनं नाकारलं किंवा रद्द केलं, तो तिच्या प्राधिकरणात दाद मागायला येतो. हॉटेलवाला येतो, गोदामवाला येतो, औषधांचा दुकानदार येतो. पूर्वी सगळे एकाच रांगेत असत. ज्याच्यावर खरोखर अन्याय झालाय तोही, आणि ज्याला नुसती मुदत हवी आहे तोही. करोल बागेतल्या एका बाईचं औषधांचं दुकान दुसऱ्याच कुणाच्या चुकीसाठी बंद केलं गेलं होतं. तिचा नंबर लागेपर्यंत वर्षं गेली. समतानं निकाल तिच्या बाजूनं दिला, तेव्हा त्या दुकानात मोबाईलची कव्हरं विकली जात होती. निकालाची प्रत हातात घेऊन ती बाई म्हणाली, "अब इसका क्या करूँ, मैडम?" त्या दिवशी समता जेवली नाही.

त्यानंतर तिनं आणि तिच्याच बरोबरीचे अधिकारी हरीश सक्सेना यांनी पहिल्याच तारखेला चाळणी लावायला सुरुवात केली. अपील करणाऱ्याला एकच प्रश्न. तुमचं सगळं म्हणणं खरं धरलं, तरी लायसन्स तुम्हाला मिळतं का? मिळत असेल तर या, नीट ऐकू, लवकर ऐकू. नसेल तर अपील तिथेच फेटाळायचं. तारीख नाही, स्थगिती नाही. वकिलांनी तिला 'पहली तारीख वाली मैडम' असं नाव ठेवलं. शिवी म्हणून ठेवलं होतं, पण तिला ते फारच शोभायचं.

"आणि हे अपील माझ्यासमोर येणारच नाहीये," समता म्हणाली. "तू माझा भाऊ आहेस असं मी ऑफिसला आधीच कळवलंय. परवा मी रजेवर आहे. त्या बिल्डिंगमध्येसुद्धा नसेन."

"म्हणजे फोन करायला मोकळीच आहेस," अतुल म्हणाला.

"एवढं काय गं?" कमलाबाई मध्ये पडल्या. "आपल्या माणसासाठी कुणी शब्द टाकत नाही का? ह्यांनी आयुष्यभर नाही टाकला, तू नाही टाकत. मग या घराला ओळखीचा उपयोग तरी काय?"

"फोनबिन सोडा," दादाराव म्हणाले. ते सोफ्यावर ताठ बसले होते. "प्रश्न अपमानाचा आहे. माझ्याबद्दल काय लिहिलंय त्या ऑर्डरमध्ये? वय चौऱ्याहत्तर, जीवरक्षक म्हणून सक्षम नाही! मी! वैनगंगा पुरात पार केलेला माणूस! पवनीत विचारा कुणालाही."

पवनीत विचारण्यासारखं आता कुणी उरलं नव्हतं, आणि हाच दादारावांच्या दाव्याचा सर्वांत भक्कम आधार होता. पण ऑर्डर चुकीची नव्हती. तलावावर प्रशिक्षित जीवरक्षक हवाच, असा नियम आहे, आणि अतुलनं त्या जागी बापाचं नाव लिहिलं होतं. गेला अख्खा उन्हाळा दादाराव लाल टी-शर्ट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून, काठावरच्या उंच खुर्चीत बसले होते. पोरं त्यांना 'सीटीवाले दादाजी' म्हणायची. तपासणीला आलेल्या इन्स्पेक्टरनं विचारलं, लाइफगार्ड कहाँ है? दादाराव खुर्चीवरून म्हणाले, बोलिए. इन्स्पेक्टरला आधी ती चेष्टाच वाटली.

"तीन विरुद्ध एक," अतुल म्हणाला. "चलो, आता तरी कर."

तेव्हा उत्तरा ताटं ओट्यावर ठेवून बाहेर आली.

"फोन नको," ती म्हणाली. "ताई, परवा ते जे विचारणार आहेत ना, तेच तुम्ही आत्ता ह्यांना विचारा. आपल्यालाही कळू दे."

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?" अतुल चिडला.

"पोरं ज्यांची पाण्यात उतरतात त्यांच्या. माझ्या वर्गातली सहा येतात आपल्याकडे."

समतानं खुर्ची ओढली आणि भावासमोर बसली. "इथे मी अधिकारी नाही. नुसती बहीण आहे. सांग, तुझे मुद्दे काय आहेत?"

अतुलला ते पाठ होते. "पहिला. तपासणीची नोटीसच दिली नाही. अचानक आले."

"धरलं खरं. नोटीस दिली नाही. मग?"

"मग काय? दिली असती तर आम्ही तयारीत राहिलो असतो."

"तयारीत म्हणजे? त्या दिवशी खुर्चीवर कोण असतं?"

अतुलनं कपाळ चोळलं. "बाबाच."

"पुढचा."

"शेजारच्या क्लबमधला जीवरक्षक दिवसभर मोबाईलमध्ये तोंड घालून बसतो. त्यांना दिलं लायसन्स!"

"धरलं खरं. मग त्यांचं जायला हवं. त्यानं तुझं कसं येईल?"

"तो इन्स्पेक्टर उर्मटपणे बोलला. बाबांना हसला. सगळ्यांसमोर."

समताचा आवाज खाली आला. "तेही खरं धरते. मला ऐकूनच राग आला होता. पण अतुल, मग?"

कमलाबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. पहिल्या 'मग'ला त्यांना काहीतरी ओळखीचं वाटलं. दुसऱ्याला त्यांनी मान वर केली. तिसऱ्याला त्यांच्या डोळ्यांपुढे त्यांचं दिल्लीतलं पहिलं क्वार्टर उभं राहिलं. एक खोली, स्टोव्हचा आवाज, आणि दोन्ही बाजूंनी पदर ओढणारी ही दोन कार्टी. हिनं माझी पट्टी घेतली. ह्यानं मला आधी चिमटा काढला. चौकशी करायला वेळ कुणाला होता? कणकेचा हात तसाच ठेवून त्या म्हणायच्या, बरं बाई, धरलं तुझंच खरं, मग? गृहपाठ होणारेय का त्यानं? आणि कार्टी निमूट अभ्यासाला बसायची.

तो कायदा आहे, हे त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचा शब्द सरकारी इमारतीत, मोठ्या टेबलामागून, कोट घातलेल्या वकिलांना ऐकवला जात होता आणि वकील गप्प होत होते. खाण तशी माती म्हणतात, पण माती इतकी चढेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांचा ऊर भरून आला. मघाशी लेकीला घराच्या उपयोगाची नाही असं म्हटल्याचं त्यांना वाईटही वाटलं.

"शेवटचा मुद्दा," अतुल म्हणत होता, "जीवरक्षकाला पन्नास वर्षांचा अनुभव आहे. नद्यांमध्ये पोहण्याचा."

समतानं तोंड उघडलं. मग तिची नजर सोफ्याकडे गेली. बाप ताठ बसून तिच्याकडे बघत होता.

"हा राहू दे," ती म्हणाली.

"का? तिन्ही उडवलेस ना फटाफट? हा पण विचार!"

"चहा टाकते मी." ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

लोकांच्या तोंडावर नाही म्हणायला न कचरणारी ही मुलगी बापाच्या एका नजरेपुढे पळाली, हे कमलाबाईंनी बघितलं. त्यांना तिचा राग आला नाही. काही गोष्टी लेकीनं विचारायच्या नसतात, बायकोनं विचारायच्या असतात, असं त्यांना वाटलं. वेताचा मोढा ओढून त्या नवऱ्यासमोर बसल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "धरलं तुमचंच खरं. पूर आला होता. वैनगंगा तुम्ही पार केलीत. मी तेव्हा तुमच्या घरात आले नव्हते, तरी धरलं. मग? उद्या एखादं पोरगं बुडायला लागलं, तर तुम्ही उडी माराल? काढाल त्याला वर?"

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला.

दादारावांना 'हो' म्हणता आलं असतं. हे घर त्यांच्या शब्दाबाहेर कधी गेलं नव्हतं, आणि आजही त्यांच्या 'हो'वर कुणी शंका घेतली नसती. पण त्यांना ती खुर्ची आठवली. तिच्यावर चढताना उत्तरा कशी सहज जवळ येऊन उभी राहायची, हात देतेय असं न दाखवता हात द्यायची. उतरताना गुडघे कसे बोलायचे. पोरं खोल बाजूला गेली की ते शिट्टी किती जोरात फुंकायचे, आणि इतक्या जोरात का फुंकायचे, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"नाही," ते म्हणाले.

मग, कुणी न विचारता, त्यांनी पुढे जोडलं. "उडी मारीन मी. ते होईल. पण मग दोघांनाही दुसऱ्याच कुणीतरी वर काढावं लागेल."

कमलाबाईंनी मान हलवली. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांना नवऱ्याचा इतका अभिमान फार थोड्या वेळा वाटला होता.

"मला माहीत होतं," अतुल एकदम म्हणाला. "सगळं माहीत होतं मला. ट्रेनिंग घेतलेली दोन माणसं मिळत होती, मी नाही घेतली. तुम्ही रिटायर झाल्यापासून कसे झाला होतात, आठवतं? दिवसभर बाल्कनीत. पेपर वाचून झाला की तोच पेपर परत. मग एक दिवस सहज त्या खुर्चीवर बसवलं तुम्हाला, आणि त्या रात्री तुम्ही दोन पोळ्या जास्त खाल्ल्यात. लायसन्स काय, आज नाही तर पुढच्या वर्षी मिळेल. बाबांची खुर्ची मी परत कुठून आणू? परवा अपील उडालं की सरकारच्या कागदावर कायमचं राहणार, हा माणूस कामाचा नाही."

समता दारात येऊन उभी होती. भाऊ नुसती मुदत मागतोय, इतरांसारखीच पळवाट शोधतोय, असं ती महिनाभर समजत होती. तो बापाची अब्रू मागत होता. आणि तरीही अपील दुबळंच होतं. ही दोन्ही सत्यं एकाच वेळी खरी असू शकतात, हे तिला रोज ऑफिसात दिसायचं. घरात ते फार टोचलं.

"वेड्या," ती म्हणाली, "बाबांना खुर्ची दे रे. दहा दे. पण जिच्यावर बसून कुणाचा जीव वाचवायचा, ती नको."

"फोन करणार नाहीस."

"नाही."

"मी तुझ्यावर रागावलोय."

"रागाव. पण चहा घे."

"परवा मी येतो तुझ्याबरोबर," दादाराव मुलाला म्हणाले. "माझ्याबद्दल बोलणं आहे, तर मीच तिथे हवा."

सोळा तारखेला सुनावणीच्या दालनात त्यांच्या आधी एका गोदामवाल्याचा नंबर होता. त्याचा वकील मोठा होता आणि आवाज त्याहून मोठा. हरीश सक्सेना किरकोळ अंगाचे, चष्मा सारखा नाकावरून घसरणारे गृहस्थ होते. त्यांनी मध्ये एकदाही न तोडता सगळं ऐकून घेतलं. मग तो एकच प्रश्न विचारला. वकील बराच वेळ बोलला, पण उत्तर आलं नाही. अपील फेटाळलं गेलं. त्यानंतर सक्सेनांनी वकिलाला बाजूला ठेवून गोदामवाल्यालाच हिंदीत समजावून सांगितलं, की आगीच्या दृष्टीनं कुठल्या सुधारणा केल्या तर नवा अर्ज टिकेल. माणूस रागानं आत आला होता. जाताना त्यानं नमस्कार केला.

दादाराव हे सगळं डोळे मोठे करून बघत होते. सरकारी नोकरीत त्यांनी 'बाद में आइए' हे वाक्य असंख्य वेळा ऐकलं होतं, आणि खरं सांगायचं तर म्हटलंही होतं. कुणाला तोंडावर, मान राखून, वेळेवर 'नाही' म्हणता येतं, आणि त्या 'नाही'तून त्याला पुढची वाटही दाखवता येते, हे ते चौऱ्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा पाहत होते. आपली समता रोज हे करते. घरी येऊन गवार निवडते आणि एक अक्षर बोलत नाही.

त्यांचा पुकारा झाला. अतुलच्या वकिलानं घसा साफ केला. "सर, हमारा पहला पॉइंट नोटिस का है..."

"साहब," दादाराव टेबलाचा आधार घेऊन उठायला लागले, "वो लाइफगार्ड मैं हूँ."

"आप बैठकर बोलिए," सक्सेना म्हणाले.

"नहीं साहब, अब उठ गया हूँ तो खड़े-खड़े ही बोलूँगा. उठने में ही इतना टाइम लगता है, वही तो केस है."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. सक्सेना हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"वकील साहब जो कहेंगे, सब सच मान लीजिए," दादाराव म्हणाले. "मैं अच्छा तैरता था, ये भी सच है. फिर भी आज कोई बच्चा डूबे, तो मैं बचा नहीं पाऊँगा. लड़के ने मेरी इज़्ज़त के लिए नाम लिखा था. गलती प्यार में हुई, पर गलती है."

अतुल उठून बापाशेजारी उभा राहिला. वकिलानं त्याची बाही ओढली. अतुलनं बाही सोडवून घेतली. "सर, अपील वापस लेता हूँ."

सक्सेनांनी तसं लिहून घेतलं. प्रशिक्षित जीवरक्षक नेमून नवा अर्ज करा, तो त्याच्या गुणवत्तेवर बघितला जाईल, असंही सांगितलं. तोवर तलाव बंद. उन्हाळा गेला, यात काही शंका नव्हती.

समता इमारतीसमोरच्या फुटपाथवर, जांभळाच्या झाडाखाली उभी होती. आत पाऊल टाकायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण घरी थांबणंही जमलं नव्हतं. रस्त्यापलीकडून बाप आणि भाऊ हळूहळू येताना दिसले. अतुलनं तिच्याकडे बघितलं, नुसती मान हलवली आणि गाडी आणायला निघून गेला. तो अजून रागावलेलाच होता. निदान लपवत नव्हता.

दादाराव तिच्याजवळ येऊन थांबले. त्यांना धाप लागली होती.

"चांगलं काम करतात गं तुमचे सक्सेनासाहेब."

"हो, बाबा."

"तूही असंच करत असशील."

"प्रयत्न करते."

"करतेस. मला आज कळलं." त्यांनी नजर वाहनांकडे वळवली. "मला एकच गोष्ट लागली, समता. त्या दिवशी तू अतुलला तीनदा विचारलंस. माझी पाळी आली तेव्हा चहा टाकायला गेलीस."

"तुम्हाला दुखलं असतं बाबा."

"दुखलं असतंच. तुझी आई बोलली तेव्हाही दुखलं. पण ज्याला तू प्रश्न विचारतेस, त्याला तू माणूस समजतेस. तो खरं बोलेल असं धरून चालतेस. आज त्या परक्या माणसानं माझं ऐकून घेऊन मला तेवढा मान दिला. माझ्या लेकीनं मला म्हातारा समजून सोडून दिलं." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "परत असं करू नकोस. मला विचारत जा. मी आहे तोवर मला विचारत जा."

"विचारीन," समता म्हणाली, आणि भर रस्त्यात, आपल्या ऑफिसच्या समोर, बापाच्या खांद्यावर डोकं टेकून ती रडली.